युरोपच्या बास्केटबॉल विजेत्यांच्या दोन याद्या कशा वाचाव्यात

युरोपातील क्लब बास्केटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेला आज पुरुषांच्या गटात युरोलीग आणि महिलांच्या गटात युरोलीग विमेन असे म्हणतात. पुरुषांचा पहिला विजेता १९५८ साली ठरला आणि महिलांचा १९५९ साली. तेव्हापासूनच्या विजेत्यांच्या याद्या सहज मिळतात, पण त्या नुसत्या वाचून फारसा अर्थबोध होत नाही. एकच क्लब वेगवेगळ्या नावांनी येतो, एका वर्षी दोन विजेते दिसतात, एका वर्षी एकही नाही, आणि आज नकाशावर नसलेल्या देशांचे संघ ओळीने जिंकत जाऊन पुढे एकाएकी दिसेनासे होतात. माझ्या मते हा गुंता सोडवायचा, तर प्रत्येक नावापाशी एकच प्रश्न विचारावा: त्या वर्षी उत्तम खेळाडू या क्लबकडे का होते? हा प्रश्न घेऊन वाचत गेले की निदान गेल्या तीस-पस्तीस वर्षांपुरता एक मोठा फरक लक्षात येतो. पुरुषांच्या यादीवर युरोप सोडून कोण गेले याची छाप आहे, तर महिलांच्या यादीवर बाहेरून युरोपात कोण आले याची.

प्रारंभीच्या काळात मात्र दोन्ही याद्यांवर एकाच शहराचे नाव ठळक आहे, ते म्हणजे लॅटव्हियाची राजधानी रिगा. लॅटव्हियाने १९३५ साली राष्ट्रीय संघांची पहिली युरोपीय अजिंक्यस्पर्धा जिंकली होती, म्हणजे तेथे या खेळाची परंपरा जुनी होती. १९४० साली हा देश सोव्हिएत संघात सामील करून घेतला गेला आणि पुढे सैन्याशी जोडलेल्या एएसके रिगा या क्लबने १९५८, १९५९ आणि १९६० अशी पुरुषांची पहिली तिन्ही विजेतेपदे मिळवली. प्रशिक्षक होते अलेक्सांद्र गोमेल्स्की आणि मध्यभागी उभा असे दोन मीटर अठरा सेंटिमीटर उंचीचा यानिस क्रुमिन्श. महिलांमध्ये पहिल्या वर्षी बल्गेरियाचा स्लाव्हिया सोफिया जिंकला, पण पुढच्याच वर्षापासून रिगाच्याच दुसऱ्या एका क्लबने स्पर्धा ताब्यात घेतली. त्याचे नाव टीटीटी रिगा. ही तीन अक्षरे शहरातील ट्राम आणि ट्रॉलीबस चालवणाऱ्या संस्थेच्या नावाची आहेत. या क्लबने १९६० ते १९६२ अशी सलग तीन, मग १९६४ ते १९७५ अशी सलग बारा आणि त्यानंतर १९७७, १९८१ व १९८२ अशी एकंदर अठरा विजेतेपदे मिळवली. पुरुषांमध्ये सर्वाधिक विजेतेपदे रियल माद्रिदची आहेत आणि ती २०२५ पर्यंत अकरा भरतात. युरोपातील सर्वांत यशस्वी बास्केटबॉल क्लब कोणता, या प्रश्नावर बहुतेक लेखांत माद्रिदचे नाव येते आणि टीटीटीचा उल्लेखही होत नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

टीटीटीच्या या वर्चस्वात उल्याना सेम्योनोवा या खेळाडूचा वाटा मोठा होता. सुमारे सात फूट उंचीची ही खेळाडू १९७६ आणि १९८० अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाकडून सुवर्णपदक जिंकली. पण तिच्यासारखी खेळाडू एका क्लबकडे इतकी वर्षे टिकली कशी, हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. सोव्हिएत व्यवस्थेत खेळाडू कागदोपत्री हौशी असत. त्यांची नोंद सैन्यात, कारखान्यात किंवा एखाद्या सरकारी संस्थेत नोकर म्हणून असे आणि परदेशी क्लबशी करार करण्याचा मार्ग त्यांना बंद होता. शिवाय स्पर्धेत सर्वसाधारणपणे प्रत्येक देशाचा विजेता आणि त्याखेरीज गतविजेता एवढ्यांनाच प्रवेश मिळे. त्यामुळे एवढ्या मोठ्या देशातील उत्तम खेळाडू ज्या क्लबकडे जमतील, तो युरोपातही भारी ठरणे स्वाभाविक होते. परदेशाची दारे किलकिली झाल्यावर सेम्योनोवा कारकिर्दीच्या अखेरीस स्पेन आणि फ्रान्समध्ये खेळली. तोवर टीटीटीचे शेवटचे विजेतेपद मागे पडले होते.

त्या काळातील निकाल वाचताना सामन्याची पद्धत माहीत नसेल, तर आकडे चमत्कारिक वाटतात. पुरुषांच्या स्पर्धेत अंतिम लढत बहुतेकदा दोन सामन्यांची असे, एक आपल्या मैदानावर आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या. दोन्ही सामन्यांतील गुणांची बेरीज करून विजेता ठरे. १९६४ साली रियल माद्रिद पहिला सामना चेकोस्लोव्हाकियातील स्पार्ताक ब्रनोकडून ११०–९९ असा हरला, पण माद्रिदमध्ये ८४–६४ असा जिंकला. म्हणजे अकरा गुणांची तूट वीस गुणांनी भरून निघाली आणि माद्रिदला पहिले विजेतेपद मिळाले. त्याच्या आदल्या वर्षीची लढत याहून विलक्षण होती. माद्रिदमध्ये रियल ८६–६९ असा जिंकला आणि मॉस्कोमध्ये तेथील सीएसकेए हा क्लब ९१–७४ असा. दोन्ही सामन्यांत फरक नेमका सतरा गुणांचा होता आणि बेरीज १६०–१६० अशी बरोबरीत सुटली. नियमाप्रमाणे तिसरा सामना घ्यावा लागला, तो मॉस्कोत झाला आणि सीएसकेएने ९९–८० असा जिंकला. या पद्धतीत पहिल्या सामन्यात हरणारा संघही शेवटच्या मिनिटापर्यंत एकेका गुणासाठी झगडत राही, कारण तो गुण पुढच्या सामन्यात उपयोगी पडणार असे. पराभव किती गुणांनी झाला यालाही किंमत देणारी ही पद्धत मला फार न्याय्य वाटते.

राजकारण तर यादीच्या अगदी पहिल्या ओळीपासून आहे. १९५८ साली उपांत्य फेरीत रिगाविरुद्ध रियल माद्रिदची गाठ पडली, पण स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने स्पॅनिश संघाला सोव्हिएत संघात जाऊ दिले नाही आणि रिगा न खेळता अंतिम फेरीत गेला. १९६२ साली दिनामो तिबिलिसी आणि रियल यांची अंतिम लढत याच कारणाने जिनिव्हात एका सामन्यात उरकावी लागली व तिबिलिसीने ती जिंकली. १९७७ साली मक्काबी तेल अवीवची सीएसकेए मॉस्कोशी गाठ पडली. सोव्हिएत संघाचे इस्रायलशी राजनैतिक संबंध नव्हते, म्हणून हा सामना बेल्जियममधील व्हिर्तों या छोट्या गावात खेळवला गेला. मक्काबी ९१–७९ असा जिंकला आणि पुढे बेलग्रेडमध्ये इटलीच्या व्हारेसेला ७८–७७ असे हरवून पहिल्यांदा विजेता झाला. इस्रायलमध्ये व्हिर्तोंच्या सामन्याची आठवण अंतिम सामन्याइतक्याच आदराने काढली जाते.

इटलीच्या क्लबांपाशी आल्यावर वाचकाची पहिली अडचण नावांची असते. इटलीत प्रायोजक कंपनीचे नाव क्लबच्या नावात घेण्याची प्रथा आहे आणि प्रायोजक बदलला की नाव बदलते. १९६६ सालचा सिमेंथाल आणि १९८७ व १९८८ सालचा ट्रेसर हा एकच मिलानचा क्लब. इग्निस, मोबिलजिर्जी आणि इमर्सन ही तिन्ही नावे व्हारेसेची. म्हणून क्लबच्या नावापेक्षा शहराकडे पाहावे. तसे पाहिले की व्हारेसेचा पराक्रम दिसू लागतो: मिलानच्या उत्तरेकडील या लहानशा शहराचा संघ १९७० ते १९७९ अशी सलग दहा वर्षे अंतिम सामन्यात होता आणि त्यातले पाच सामने त्याने जिंकले. दिनो मेनेगिन या काळात त्याचा आधारस्तंभ होता. पुढे मिलानकडून त्याने आणखी दोन विजेतेपदे मिळवली. इटालियन कारखानदारांचा पैसा महिलांच्या खेळातही आला आणि व्हिचेन्झाच्या संघाने १९८३ साली व नंतर १९८५ ते १९८८ अशी सलग चार वर्षे विजेतेपद मिळवले.

युगोस्लाव्हियाच्या संघांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण खेळाडू टिकून राहण्याचा परिणाम येथे सर्वांत स्पष्ट दिसतो. त्या देशात खेळाडूला सुमारे अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत परदेशी क्लबकडे जाण्यावर बंधन होते. त्यामुळे ऐन उमेदीतले खेळाडू घरच्याच क्लबांत खेळत, आणि एखाद्या शहरात तरुणांची चांगली पिढी तयार झाली की तो क्लब श्रीमंत इटालियन आणि स्पॅनिश क्लबांना भारी पडे. १९७९ साली बोस्ना सारायेवोने व्हारेसेला ९६–९३ असे हरवले, त्यात झार्को वारायिचने एकट्याने ४५ गुण केले. १९८५ आणि १९८६ साली द्राझेन पेत्रोविचच्या बळावर चिबोना झाग्रेब जिंकला. १९८९ साली पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदे युगोस्लाव्हियाकडे गेली: पुरुषांमध्ये युगोप्लास्तिका स्प्लिट आणि महिलांमध्ये बोस्नियातील तुझ्ला शहराचा येदिनस्त्वो. येदिनस्त्वोची राझिया मुयानोविच ही त्या पिढीतील युरोपची सर्वांत प्रभावी मध्यवर्ती खेळाडू होती, आणि तिच्या संघाने अंतिम सामन्यात चार वर्षे अजिंक्य राहिलेल्या व्हिचेन्झालाच नमवले. टोनी कुकोच आणि दिनो राजा यांच्या स्प्लिटने मात्र १९९० आणि १९९१ अशी आणखी दोन वर्षे विजेतेपद राखले, त्यातले १९९१ चे प्रायोजक बदलल्यामुळे पॉप ८४ या नावाने. त्या तिसऱ्या वेळेपर्यंत राजा इटलीला गेलेला होता.

मग युद्ध सुरू झाले. १९९१–९२ च्या हंगामात युगोस्लाव्ह क्लबांना घरचे सामने देशाबाहेर खेळावे लागले. पार्टिझान बेलग्रेडने माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा या गावाचा आसरा घेतला आणि तेथील लोकांनी या परक्या संघाला आपला मानले. प्रशिक्षक होते झेल्को ओब्रादोविच, जे काही महिन्यांपूर्वीपर्यंत याच संघातून खेळत होते. एप्रिल १९९२ मध्ये इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात काही सेकंद उरलेले असताना स्पेनमधील बादालोनाचा जोव्हेंतुत ७०–६८ असा पुढे होता. अलेक्सांदर जोर्जेविच चेंडू घेऊन मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे धावला, उजव्या बाजूने तीन गुणांच्या रेषेपाशी पोहोचला आणि तोल सावरता सावरताच त्याने फेक केली. पार्टिझान ७१–७० असा जिंकला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे पुढच्या हंगामात या संघाला आपले विजेतेपद राखण्यासाठी खेळताच आले नाही. खेळाडू आणि प्रशिक्षक पांगले. दोनच वर्षांनी ओब्रादोविच यांनी त्याच जोव्हेंतुतला विजेतेपद मिळवून दिले आणि पुढे रियल माद्रिद, ग्रीसचा पानाथिनाइकोस व तुर्कस्तानचा फेनरबाह्चे मिळून त्यांच्या विजेतेपदांची संख्या नऊवर गेली. एवढी विजेतेपदे दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावर नाहीत.

या सुमारास पुरुषांच्या खेळाची जुनी घडी विस्कटली. १९८९ पासून पेत्रोविचसारखे पूर्व युरोपातील खेळाडू एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये जाऊ लागले. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बोसमान या फुटबॉलपटूच्या खटल्यात निकाल दिला, की करार संपलेला खेळाडू मोकळा आहे आणि युरोपीय संघातील देशांच्या नागरिकांवर परदेशी म्हणून संख्येची मर्यादा घालता येणार नाही. खटला फुटबॉलचा असला तरी निकाल बास्केटबॉललाही लागू पडला. शहरातली एक पिढी घडवून दहा वर्षे राज्य करण्याचा काळ संपला आणि ज्याच्याकडे पैसा तो दरवर्षी नवा संघ उभा करू लागला. ग्रीसचे पानाथिनाइकोस १९९६ साली आणि ऑलिंपियाकोस १९९७ साली पहिल्यांदा जिंकले, ते याच नव्या काळात.

एनबीएचा हंगाम आणि युरोपातील हंगाम हे दोन्ही शरद ऋतूपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालतात. पुरुष खेळाडूला त्यामुळे दोहोंपैकी एकच निवडावे लागते आणि सर्वोत्तम खेळाडू बहुधा अमेरिका निवडतो. रियल माद्रिदने १९९५ साली अर्विदास साबोनिसच्या जोरावर विजेतेपद मिळवले, त्याच उन्हाळ्यात तो एनबीएच्या पोर्टलंड संघात गेला आणि माद्रिदला पुढच्या विजेतेपदासाठी वीस वर्षे थांबावे लागले. २०१८ साली एकोणीस वर्षांचा लुका डॉन्चिच हंगामाचा आणि अंतिम स्पर्धेचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला, माद्रिद विजेता झाला आणि काही महिन्यांत तो डॅलसकडून खेळू लागला. म्हणून पुरुषांच्या आजच्या यादीतील विजेता म्हणजे अमेरिकेत न गेलेल्या, तेथून परतलेल्या किंवा अजून न गेलेल्या खेळाडूंचा उत्तम मेळ घालणारा क्लब. अशा संघांत अनुभवी खेळाडूंचे आणि प्रशिक्षकाच्या डावपेचांचे महत्त्व वाढते, आणि युरोलीगचा खेळ मला प्रिय असण्याचे तेच कारण आहे.

२००१ सालापाशी दोन विजेते दिसतात, त्याचे कारण संघटनांच्या भांडणात आहे. तोवर स्पर्धा फिबा ही आंतरराष्ट्रीय संघटना चालवत असे. उत्पन्न आणि अधिकार यांवरून मोठ्या क्लबांचे तिच्याशी बिनसले आणि राष्ट्रीय लीगच्या संघटनेने २००० साली स्वतंत्र स्पर्धा काढली. युरोलीग या नावाची फिबाने कायदेशीर नोंदणी केलेली नसल्यामुळे ते नावही नव्या स्पर्धेने घेतले. फिबाने आपली स्पर्धा सुप्रोलीग या नावाने चालू ठेवली. युरोलीगमध्ये प्रशिक्षक एत्तोरे मेसिना आणि मानू जिनोबिली यांचा किंडर बोलोन्या जिंकला, तर सुप्रोलीगमध्ये पानाथिनाइकोसला हरवून मक्काबी. दोघांची गाठ पडलीच नाही, म्हणून दोघांनाही विजेता मानले जाते. पुढच्या हंगामापासून पुरुषांची एकच स्पर्धा राहिली आणि ती क्लबांच्या हाती गेली. महिलांची स्पर्धा मात्र आजही फिबाकडेच आहे. एकही विजेता नसलेले वर्ष २०२० चे. कोरोनाच्या साथीमुळे दोन्ही स्पर्धा अर्ध्यावर रद्द झाल्या.

पुरुषांच्या स्पर्धेत १९८८ पासून शेवटचे चार संघ एका शहरात जमतात आणि एकेका सामन्यात निकाल लागतो. या पद्धतीला फायनल फोर म्हणतात. हंगामभर सरस ठरलेला संघ येथे एका वाईट संध्याकाळी बाहेर जातो. २०१२ साली इस्तंबूलमध्ये सीएसकेए १९ गुणांनी पुढे होता, ऑलिंपियाकोसने ती सगळी तूट भरून काढली आणि एक सेकंदाहूनही कमी वेळ उरलेला असताना यॉर्गोस प्रिंतेझिसच्या फेकीने सामना ६२–६१ असा जिंकला. यादीत त्या वर्षापुढे फक्त ऑलिंपियाकोसचे नाव आहे. सीएसकेएचा तो हंगाम किती जबरदस्त होता, हे यादी सांगत नाही.

महिलांच्या खेळाचे अर्थकारण याच्या उलट चालते. डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेची महिलांची व्यावसायिक लीग १९९७ साली सुरू झाली आणि तिचा हंगाम उन्हाळ्यात असतो, म्हणजे हिवाळ्यात खेळाडू मोकळ्या. तेथील पगार अनेक वर्षे फारच तुटपुंजे होते, त्यामुळे जगातल्या सर्वोत्तम खेळाडू हिवाळ्यात युरोपला येऊ लागल्या. पुरुषांच्या युरोलीगला एनबीएमधले आघाडीचे खेळाडू कधी मिळत नाहीत. महिलांच्या युरोलीगमध्ये मात्र जगातल्या आघाडीच्या खेळाडू आपल्या ऐन भरात खेळल्या. सुरुवातीला याचा फायदा लहान पण नीट चालवलेल्या क्लबांना झाला. फ्रान्सच्या बूर्जने १९९७, १९९८ आणि २००१ साली, तर स्लोव्हाकियातील रुझोम्बेरोक या छोट्याशा औद्योगिक गावाने १९९९ आणि २००० साली विजेतेपद मिळवले.

त्यानंतर रशियन पैसा आला. मॉस्को प्रांताच्या स्पार्ताक क्लबने मालक शाब्ताय कल्मानोविच यांच्या पैशावर डायना टॉरासी, स्यू बर्ड यांसारख्या अमेरिकन खेळाडू आणल्या आणि २००७ ते २०१० अशी सलग चार विजेतेपदे मिळवली. नोव्हेंबर २००९ मध्ये मॉस्कोत कल्मानोविच यांची गोळ्या घालून हत्या झाली. संघाने त्या हंगामात चौथे विजेतेपद मिळवले, पण आश्रयदाता गेल्यावर ती सद्दी संपली. तिची जागा उरल प्रदेशातील खाण आणि धातू उद्योगाच्या यूएमएमसी येकातेरिनबर्गने घेतली आणि २०२१ पर्यंत एकंदर सहा विजेतेपदे मिळवली. २०१५ साली या क्लबने टॉरासीला अमेरिकेतील हंगाम खेळू नये म्हणून पैसे दिले आणि तिने खरोखरच तो हंगाम सोडला, कारण रशियातून मिळणारी रक्कम तिच्या अमेरिकेतील पगाराच्या कित्येक पट होती. महिला खेळाडूंना घरी काय किंमत मिळत होती, हे त्या एका व्यवहारातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही तक्त्यातून होणार नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर रशियन क्लब दोन्ही स्पर्धांतून बाहेर काढले गेले. यूएमएमसीची अमेरिकन खेळाडू ब्रिटनी ग्राइनर त्याच महिन्यात मॉस्कोच्या विमानतळावर अटकेत पडली आणि डिसेंबरमध्ये सुटली. त्या वसंतात महिलांचे विजेतेपद हंगेरीतील शोप्रोनने मिळवले, नंतरची दोन फेनरबाह्चेने आणि २०२५ चे प्रागच्या यूएसकेने. दरम्यान डब्ल्यूएनबीएने पगार वाढवले आणि २०२३ पासून खेळाडूंनी हंगामाच्या सुरुवातीला वेळेवर हजर राहण्याचे बंधन कडक केले. युरोपातील वेळापत्रक थोडे लांबले, तरी अमेरिकन खेळाडूला करार करताना दहादा विचार करावा लागतो. येत्या काही वर्षांत महिलांच्या यादीत युरोपातच घडलेल्या खेळाडूंचे संघ अधिक दिसतील, असा माझा अंदाज आहे.

पुरुषांच्या स्पर्धेत दार वेगळ्या प्रकारे अरुंद झाले आहे. २०१६–१७ पासून प्रत्येक संघ प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो आणि रियल माद्रिद, बार्सिलोना, पानाथिनाइकोस, ऑलिंपियाकोस, मक्काबी, झाल्गिरिस अशा ठरावीक क्लबांना दीर्घ मुदतीचा परवाना आहे. देशात कितवाही क्रमांक आला तरी त्यांची जागा पक्की. त्या हंगामापासून २०२५ पर्यंतचा प्रत्येक विजेता हा असाच परवानाधारक क्लब आहे. व्हारेसे, सारायेवो किंवा स्प्लिट यांच्यासारख्या शहराने देशाची लीग जिंकून थेट युरोपवर राज्य करावे, ही वाट जवळजवळ बंद झाली आहे. महिलांच्या स्पर्धेत राष्ट्रीय लीगमधून वर येण्याची सोय अजून बऱ्याच अंशी शाबूत आहे. दोन्ही याद्यांत विजेता म्हणून नाव असलेला क्लब २०२५ पर्यंत एकच आहे, इस्तंबूलचा फेनरबाह्चे: पुरुषांमध्ये २०१७ आणि २०२५, महिलांमध्ये २०२३ आणि २०२४.